दुधातलं अफ्लाटॉक्सिन पकडणारी प्रकाशाची चिप: कुठवर आलंय?

प्रकाशवाट

इथल्या दूधभेसळीच्या चर्चेच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, मोबाईलमध्ये एवढ्या चिप्स असतात, मग दूध तपासणारी एखादी चिप का नाही? तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं काम सिलिकॉन फोटॉनिक्समधलं, म्हणजे चिपवर विजेऐवजी प्रकाश खेळवायचा. सेन्सर हा माझा थेट विषय नाही, पण शेजारच्या लॅबमध्ये तेच चालतं, त्यामुळे रडगाणी रोज कानावर येतात.

उदाहरण एकच घेतो: अफ्लाटॉक्सिन एम१, बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप. बुरशी लागलेली पेंड किंवा मका जनावराच्या पोटात गेला की त्यातलं अफ्लाटॉक्सिन बी१ यकृतात बदलून एम१ होतं आणि दुधात उतरतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची त्याच्या एक दशांश, ०.०५. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले, त्यातले ३६८ म्हणजे ५.७ टक्के या एका गोष्टीपायी मर्यादेबाहेर निघाले. आरोग्याला घातक ठरेल अशी भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. आपण मात्र चर्चा करतो युरियाची आणि डिटर्जंटची.

आता चिप. वेफर म्हणजे चिप्स कोरायची पातळ चकती घ्यायची, जिच्यात खाली सिलिकॉन, मध्ये दोनेक मायक्रॉन काच म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, आणि वर अवघं २२० नॅनोमीटर सिलिकॉन. वरच्या थरात साधारण ५०० नॅनोमीटर रुंदीची पट्टी कोरायची. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती पट मंदावतो तो आकडा) ३.४८ च्या आसपास, काचेचा १.४४. एवढ्या फरकामुळे प्रकाश पट्टी सोडून जात नाही, अगदी काही मायक्रॉनच्या वळणावरही. पण पट्टी इतकी बारीक की तो सगळा आत मावत नाही. थोडा पृष्ठभागाच्या बाहेर, शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत, सांडलेला असतो. आम्ही दूरसंचारवाले त्याला वैतागतो, सेन्सरवाल्यांचं पोट त्याच्यावर चालतं.

या पट्टीला खेटून एक कडं कोरायचं. ज्या तरंगलांबीच्या लाटा कड्याच्या परिघात नेमक्या पूर्ण संख्येनं बसतात, ती कड्यात घुमत राहते आणि मुख्य पट्टीच्या दुसऱ्या टोकाला प्रकाशाच्या आलेखात त्या तरंगलांबीवर खड्डा दिसतो. कड्याच्या पृष्ठभागावर काही चिकटलं की बाहेर सांडलेल्या प्रकाशाला ते जाणवतं आणि खड्डा सरकतो. कुठलाही रंग लावायचा नाही, चमकणारा रेणू जोडायचा नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठानं २००७ मध्ये ५ मायक्रॉन त्रिज्येच्या कड्यावर अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपर्यंत पकडून दाखवलं, आणि तिथून हा विषय पळत सुटला.

दुधासाठी नेमकं हेच इटलीत त्रेंतोला केलं गेलं. विद्यापीठ आणि तिथलीच ब्रुनो केस्लर संस्था, युरोपीय 'सिम्फनी' प्रकल्पात. गंमत म्हणजे त्यांची पट्टी सिलिकॉनची नव्हतीच, सिलिकॉन ऑक्सिनायट्राइडची होती आणि प्रकाश ८५० नॅनोमीटरचा. कारण साधं आहे, १५५० ला पाणीच प्रकाश पिऊन टाकतं आणि दूध म्हणजे बहुतेक पाणी. ८५० ला पाणी जवळजवळ पारदर्शक, लेसर स्वस्तातला मिळतो आणि प्रकाश मोजायला साधा सिलिकॉनचा फोटोडायोड पुरतो. सिलिकॉन हा प्रकाश शोषतं म्हणून त्याची पट्टी चालत नाही, आणि शोषतं म्हणूनच डायोड चालतो.

आता विचारा.

गोठेकर

लेख आवडला. मी संकलन केंद्र चालवतो म्हणून माझा प्रश्न सरळ. सकाळी सहापासून रांग असते. फॅट, एसएनएफ (स्निग्ध सोडून बाकीचे घन पदार्थ) मशिनवर लगेच येतं, शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. ही चिप कॅनमध्ये बुडवली तर आकडा येईल का? आणि किती वेळात?

सदाफुली

वाचतेय. पण दूध उकळल्यावर हे मरत नाही का? आम्ही तर दोनदा उकळतो.

तुरटी

सदाफुली, जंतू मरतात. हा जंतू नाही, रेणू आहे. उकळून किंवा पाश्चरायझेशन करून त्याला फारसा फरक पडत नाही.

गोठेकर दादा, बुडवून नाही चालणार. का, ते मी सांगते कारण प्रकाशवाट यांनी जो भाग दोन ओळींत उरकलाय तो माझा आहे. "काही चिकटलं की खड्डा सरकतो" हे बरोबर, पण काय चिकटलं ते चिपला कळत नाही. दुधात स्निग्धाचे थेंब तीन-चार मायक्रॉनचे, केसीन या प्रथिनाचे गोळे शेदीडशे नॅनोमीटरचे, आणि त्यांच्यात एम१ किती? ०.५ मायक्रोग्रॅम किलोला म्हणजे साधारण १.५ नॅनोमोलर. युरोपच्या मर्यादेला ०.१५. बाकीचं सगळं दूध पृष्ठभागावर येऊन बसायला टपलेलं असतं. प्रयोगशाळेत आम्ही प्रथिनं नको तिथे चिकटू नयेत म्हणून रिकाम्या जागा झाकायला साय काढलेल्या दुधाची पावडरच वापरतो, एवढं दूध चिकटतं! त्याच दुधात चिप बुडवून एम१ तेवढं दाखव म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

म्हणून आधी दूध फिरवून साय काढायची, गाळायचं, पातळ करायचं. पृष्ठभागावर सिलेनचा, म्हणजे रेणू धरून ठेवणाऱ्या रसायनाचा थर द्यायचा, त्यावर एम१ ओळखणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) किंवा तेच काम करणारा डीएनएसारखा तुकडा, अ‍ॅप्टॅमर, बसवायचा. तो थर सगळीकडे सारखा बसला पाहिजे, रेणूंचं तोंड वर राहिलं पाहिजे आणि महिनाभर कपाटात ठेवला तरी खराब व्हायला नको. यातलं एकही काम प्रकाशाचं नाही.

दुसरी अडचण वजनाची. एम१ चं रेणुभार ३२८. ते पकडणारं प्रतिपिंड दीड लाखाच्या घरात. प्रकाशाला दिसतं ते पृष्ठभागावर किती माल जमा झाला ते. हत्तीच्या पाठीवर चिमणी बसली तर वजनकाट्यावर काय कळणार?

पायचौदा

मग उलटं करता येणार नाही का? चिपवर अफ्लाटॉक्सिन बसवायचं आणि प्रतिपिंड दुधात मिसळायचं.

तुरटी

येतं, आणि बरेच लोक तसंच करतात. ठरावीक प्रतिपिंड दुधात टाकायचं. दुधात एम१ असेल तर ती तिथेच अडकतात, नसेल तर मोकळी राहून चिपवर येऊन बसतात. मग हत्तीच मोजायचे. फक्त आकडा उलटा लागतो, विष जास्त तेवढा खड्डा कमी सरकतो. यात एक मिसळायची पायरी वाढते आणि प्रतिपिंडाचं माप फार काटेकोर लागतं. वेळेचं म्हणाल तर मिनिटांत मोजा, सेकंदांत नाही. एवढ्या विरळ द्रवातून रेणू पृष्ठभागापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. कडं कितीही नाजूक केलं तरी रेणू काही धावत येत नाहीत.

शून्यछेद

माझा उपकरणशास्त्राचा प्रश्न. तापमानाचं काय करता?

प्रकाशवाट

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सिलिकॉनचा अपवर्तनांक अंशाला ०.०००१८ नं वाढतो. कड्याचा खड्डा एका अंशाला ७०-८० पिकोमीटर सरकतो. आता गेंटच्या कड्याची संवेदनशीलता पाहा: अपवर्तनांकात एक एककाचा बदल झाला तर ७० नॅनोमीटर. म्हणजे पाण्यात ०.००००१ एवढा फरक पडला तर सरकणार ०.७ पिकोमीटर. खोलीत कुणी दार उघडलं तरी त्याच्या कैकपट सरकतं.

तोडगा म्हणजे शेजारी दुसरं कडं. त्याच्यावरूनही तोच द्रव वाहू द्यायचा पण पकडणारा रेणू बसवायचा नाही. दोघांतला फरक तेवढा घ्यायचा. काही जण कड्याऐवजी प्रकाशाचे दोन फाटे करून पुन्हा जुळवतात, माख-झेंडर म्हणतात त्याला. एक फाटा द्रवाखाली, एक झाकलेला. त्रेंतोच्या लोकांनी दुधासाठी दोन्ही करून पाहिलं. माझं मत विचाराल तर स्वस्त यंत्रासाठी दोन फाट्यांची रचना बरी. कड्याचा खड्डा शोधायला लेसरची तरंगलांबी पुढेमागे करावी लागते आणि तसा चांगला लेसर चिपच्या कितीतरी पट महाग.

खडूस

वीस वर्षं ऐकतोय. "एका थेंबात सगळं." "मनगटावर प्रयोगशाळा." रॉकली फोटॉनिक्स आठवते का? २०१३ ची ब्रिटिश कंपनी, घड्याळातल्या लेसर चिपनं ग्लुकोज, लॅक्टेट काय काय मोजणार होती. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात. संशोधनपत्रिका भरतात, दुकानं भरत नाहीत. चिप स्वस्त, चिप स्वस्त म्हणता, मग वस्तू कुठाय?

प्रकाशवाट

रॉकलीचा मार्ग वेगळा होता. ते कातडीतून प्रकाश पाठवून आतल्या रेणूंचं शोषण मोजू पाहत होते, इथे पृष्ठभागावर चिकटवून मोजायचं आहे. पण मूळ प्रश्न रास्त आहे.

चिप खरंच स्वस्त आहे. कोव्हिडच्या काळात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटानं कोव्हिडची प्रतिपिंडं मोजायला एकदा वापरून टाकायची चिप केली, आकार १ मिलिमीटर बाय ४ मिलिमीटर. २०० मिलिमीटरच्या वेफरचं क्षेत्रफळ साधारण ३१,४०० चौरस मिलिमीटर. म्हणजे कडा-कापणी सोडूनही एका वेफरवर सात हजारांच्या आसपास चिप्स. वेफर लाखांत पडला तरी एक चिप काही रुपयांची किंवा फार तर काही दहा रुपयांची.

पण त्या चिपवर प्रतिपिंड थेंबाथेंबानं बसवायचं, वर द्रवाची वाट जोडायची, प्लास्टिकच्या कार्डात चिकटवायची, पाव मायक्रॉनही जाड नसलेल्या पट्टीत प्रकाश शिरवायचा आणि प्रत्येक खेप तपासून विकायची. पैसा तिथे जातो. सिलिकॉनचे कारखाने सातशे अंशाला, आम्लात, निर्वातात काम करतात. प्रतिपिंड फ्रीजमध्ये राहतं. या दोघांचा संसार एका छपराखाली थाटायला कुणी तयार नसतं.

आणि दुकानं अगदीच रिकामी नाहीत. सोन्याच्या पातळ थरावर हाच चिकटण्याचा खेळ करणारं स्वीडनचं बायाकोर १९९० पासून बाजारात आहे, औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये सर्रास दिसतं. सिलिकॉनच्या कड्यांवर सॅन दिएगोच्या जेनालाइटनं स्वयंप्रतिकार आजारांची प्रतिपिंडं रक्तात मोजणारं यंत्र काढलं. मोजायची वस्तू प्रतिपिंड, म्हणजे तुरटीताईंचा हत्ती, आणि रक्तात भरपूर. जिथे वस्तू मोठी आणि पुष्कळ, तिथे ही चिप चालली. एम१ छोटं आणि विरळ.

खडूस

हे पटलं. म्हणजे दुधाचं उदाहरण तुम्ही मुद्दाम अवघड घेतलंत.

प्रकाशवाट

हो.

कोकणी_मेवा

अवांतर: वायूसाठी पण हे वापरतात ना? मिथेनच्या गळतीबद्दल कुठेतरी वाचलं होतं.

प्रकाशवाट

अवांतर नाही, उलट तिथे गोष्ट सोपी होते. आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या संशोधन केंद्रानं २०१७ मध्ये चिपवर १० सेंटिमीटर लांबीची पट्टी गुंडाळून कोरली आणि १,६५० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशानं मिथेन मोजला, दहा लाखांत शंभर भागांच्याही खाली. इथे काही चिकटवायचं नसतं. मिथेन ठरावीक तरंगलांबी शोषतो, ती त्याची ओळख. रसायन नाही, फ्रीज नाही, चिप वर्षानुवर्षं टिकते. नॉर्वेत ट्रॉम्सोच्या गटानं तर पट्टी हवेत टांगून अवरक्त प्रकाश जवळपास सगळा बाहेरच फिरेल अशी रचना केलीय. प्रकाश आणि वायूची गाठभेट मोकळ्या हवेत होते त्याहून किंचित जास्तच.

अफ्लाटॉक्सिन दुधात असं शोषणावरून का ओळखत नाही, हे कुणी विचारायच्या आधीच सांगतो: पाणी, स्निग्ध आणि प्रथिनं यांच्या शोषणाच्या गदारोळात ०.५ मायक्रोग्रॅमचा आवाज ऐकूच येणार नाही.

मिरजमळा

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे शिकायला परदेशी जावंच लागतं का?

शून्यछेद

अजिबात नाही. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेचं (आयआयएससी) नॅनो विज्ञान केंद्र, चेन्नईला आयआयटी मद्रासमधलं फोटॉनिक चिप्सचं केंद्र, मुंबईला आयआयटीची पवईतली नॅनोफॅब, म्हणजे चिप्स बनवायची प्रयोगशाळा. आयएनयूपी नावाचा सरकारी कार्यक्रम बाहेरच्या कॉलेजांच्या लोकांना आयआयएससी आणि आयआयटी मुंबईच्या फॅबमध्ये काम करू देण्यासाठीच सुरू झाला. तुमच्या प्राध्यापकांना अर्ज करायला सांगा. आणि चिपच हवी असा हट्ट नसेल तर सौम्य मुखर्जी यांच्या आयआयटी मुंबईतल्या गटाचं इंग्रजी यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूच्या सेन्सरवरचं २००९ चं काम वाचा. वाकवल्यामुळे प्रकाश बाहेर जास्त सांडतो, वर सोन्याचे नॅनोकण. तत्त्व तेच, खर्च कितीतरी कमी.

तुरटी

मिरजमळा, एक फुकटचा सल्ला. पट्ट्या आणि कडी शिकाच, पण एक सत्र जीवरसायनाच्या लॅबमध्ये पिपेट धरून काढा. या विषयात फोटॉनिक्सवाले पुष्कळ मिळतात. पृष्ठभागाचं रसायन समजणारा फोटॉनिक्सवाला शोधावा लागतो.

गोठेकर

सगळं वाचलं, बरंचसं समजलं. पण मला एक सांगा. प्रत्येक कॅन तपासून मी करणार काय? आमच्याकडे सगळं एकाच टाकीत ओततात. एखाद्याचं दूध वाईट निघालं तरी गुन्हेगार म्हैस नाही, पेंड आहे. मग पेंडच तपासायला ही चिप का लावत नाही?

तुरटी

दादा, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. गणित मांडून बघू. गाईनं खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक-दोन टक्के एम१ होऊन दुधात येतं, जास्त दूध देणाऱ्या गाईंत सहा टक्क्यांपर्यंत. समजा पाच किलो पेंड, तिच्यात बी१ किलोला ५० मायक्रोग्रॅम. पोटात गेलं २५०. दोन टक्के म्हणजे ५ मायक्रोग्रॅम दुधात. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरला ०.५. म्हणजे नेमके आपल्या मर्यादेवर! दुधात ०.५ शोधण्यापेक्षा पेंडीत ५० शोधणं, शंभर पटीनं सोपं.

शून्यछेद

शंभर पट राहणार नाही. पेंड कोरडी आहे, आधी मिथेनॉल-पाण्यात काढावी लागेल. पाचपट द्रव धरा. मिथेनॉलमध्ये प्रतिपिंडं दम टाकतात, म्हणून पुन्हा पाचपट पाणी. ५० चे झाले २.

तुरटी

बरोबर, तरी दुधापेक्षा चौपट. आणि साय-केसीनची कटकट नाही. शिवाय पेंड रांगेत उभी नसते, वीस मिनिटं लागली तरी कुणाचं दूध नासत नाही.

सदाफुली

हे पेंडीचं विष पहिल्यांदा कळलं तेही खाद्यातूनच ना? इंग्लंडमध्ये टर्की मेल्या होत्या असं आठवतंय.

तुरटी

हो, १९६० ला. लाखभर टर्की गेल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. तेव्हा गोष्ट फक्त जनावरांच्या पोटाची नाही.

खडूस

आता मी पण गणित करतो. पेंडीची गाडी दहा टनांची. बुरशी सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात पाणी लागलं की तिथेच फुलते. तुम्ही मूठभर घेऊन थेंबभर काढणार आणि त्यातलं प्रकाशाच्या कड्यावर मोजणार. मूठ चांगल्या पोत्यातली निघाली तर तुमची पिकोमीटरची अचूकता काय चाटायची?

प्रकाशवाट

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण हे चिपचं कामच नाही. जगातलं सगळ्यात भारी मास स्पेक्ट्रोमीटर आणलंत तरी हा प्रश्न तसाच राहतो. चिपची बाजू एवढीच की एक तपासणी स्वस्त झाली तर एका गाडीमागे एकाऐवजी वीस नमुने परवडतील. त्यासाठी एका कार्डाची किंमत आजच्या कागदी पट्टीच्या (टेस्ट स्ट्रिप) आसपास आली पाहिजे आणि तशी ती आलेली नाही. आज कुणी मला विचारलं की केंद्रावर काय ठेवू, तर मी कागदी पट्टीच सांगेन. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत, तिथे एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र.

तुरटी

गोठेकर दादा, तोवर नमुना तरी नीट घ्या. एका पोत्यातून मूठ नको. गाडीतल्या वेगवेगळ्या थरांतल्या, खास करून कडेच्या आणि तळच्या पोत्यांतून नळी खुपसून थोडं थोडं काढा, सगळं एकत्र बारीक दळा, नीट मिसळा आणि मग त्यातलं पाठवा. दळायच्या आधी वाटे करू नका. लागलेले दाणे थोडे असतात, ते एका वाट्यात गेले तर दुसरा कोरा निघतो.

गोठेकर

दळायचं कुठे? गावच्या गिरणीत दिलं तर पुढच्या माणसाच्या पिठात जाईल.

तुरटी

गिरणीत अजिबात नको. एक जुना मिक्सर फक्त याच्यासाठी ठेवा, भांड्यावर रंगानं खूण करा. दळताना तोंडाला मास्क, ती धूळ नाकात जाता कामा नये. झाल्यावर भांडं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवा. साध्या साबणानं भागणार नाही.